थर्ड पार्टीला कशाला दोष देताय

गाडीच्या विम्यावरच्या लेखात लिहिलंय अपघात वाढले म्हणून कंपन्यांनी प्रीमियम वाढवला, पण थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा) रेट कंपनी ठरवतच नाही ओ, तो सरकार ठरवतं. २०२२ ला हजार सीसीच्या आतल्या कारला २,०९४ आणि पंधराशेपर्यंत ३,४१६ ठरला, वर १८ टक्के जीएसटी. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो म्हणून आकडा बघून डोळे पांढरे होतात ते वेगळं.

खरी मेख ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे वरून घेतलेल्या जादा कव्हरमध्ये. मेव्हण्याला शोरूमनं दिलेलं कोटेशन बघितलं, झिरो डेप, इंजिन, टायर, चावी हरवली तर त्याचंबी कव्हर, सगळं न विचारता घातलेलं! (झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पैसे देणारं कव्हर, ठेवा मात्र, प्लास्टिकच्या पार्टला नाहीतर निम्मेच पैसे मिळतात.) आणि आपल्या सोलापुरात सात रस्त्याला रिक्षा घासून गेली की लोक बंपरसाठी लगेच क्लेम टाकतात, मग नो क्लेम बोनस (क्लेम न टाकल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट) गेला, पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढतो तो, परत शून्यापासून सुरू.

बाकी एमएच १३ वाल्यांना, म्हणजे आपल्या सोलापूरच्या गाड्यांना, एक फायदा हाय, विम्याच्या रेटसाठी पुणे झोन ए मध्ये अन् आपण बी मध्ये, ओन डॅमेजचा रेट जरा कमी बसतो.