झेंडूचं रोप आडवं पडलं, म्हणजे तहानलेलं नव्हे

‘झेंडूच्या कोवळ्या रोपांनी माना टाकल्या तर सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी द्या’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी उरलेली रोपंही जातात. बोट खुपसून पाहा. माती ओली असूनही रोप कोलमडलंय, देठ मातीलगत तपकिरी, दोऱ्यासारखं बारीक झालंय? मग तो मर रोग. पिथियम, रायझोक्टोनिया असे बुरशीवर्गीय जीव सततच्या ओलीत तो पसरवतात. पडलेलं रोप वाचत नाही. आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका. बाकीच्यांना उजेड, हवा मिळू द्या, वरचा थर सुकल्यावरच पाणी घाला. पुन्हा पेरताना बी विरळ टाका, कुंडी धुऊन घ्या. माती खरंच कोरडी असेल तर पाणी जरूर द्या. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.