नळाच्या पाण्यावरून विज्ञान पण शिकवता येतं आणि नागरिकशास्त्र पण

चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यास भाग १ मध्ये विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात आहे आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, कारण त्या वयाच्या पोरांना आपलं गाव असं विषयवार दिसत नाही. पण शिकवताना काय होतं तर पाण्याचा धडा वेगळा, ग्रामपंचायतीचा धडा वेगळा, खालचा स्वाध्याय वहीत उतरवला की झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की प्राथमिकला हे दोन्ही एकत्र शिकवा आणि मुलांच्या प्रश्नावरून शिकवा. "हे असं का होतंय" हे विज्ञान झालं, "मग हे बघायचं कुणी" हे नागरिकशास्त्र झालं, आणि मूल हे दोन्ही एका दमात विचारतं, तोडतो ते आपण मोठी माणसं.

आमची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा आहे. पावसाळ्यात पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, नळाच्या पाण्याला कधी औषधाचा वास येतो आणि कधी येतच नाही, असं का? मी उत्तर दिलं नाही, म्हटलं कसं शोधायचं ते तुम्हीच सांगा. कुणी म्हणालं टाकीवर जाऊ, कुणी म्हणालं पाणी सोडणाऱ्या काकांना विचारू. काका म्हणजे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, त्यांना वर्गात बोलावलं, आणि त्यांनी इतकं छान समजावून सांगितलं की काय सांगू! ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी, करून दाखवली. नळीत पाणी घ्यायचं, ओटीच्या द्रावणाचे थेंब टाकायचे, पाण्यात क्लोरीन (तेच ते वासाचं औषध) शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो, नसेल तर पाणी तसंच राहतं. (थेंब काकांनीच टाकले, ते रसायन मुलांच्या हातात द्यायचं नाही, कुणी करणार असाल तर हे नक्की लक्षात ठेवा.)

मग मुलांनीच ठरवलं की टाकीजवळचा नळ, शाळेचा नळ आणि शेवटच्या वस्तीवरचा नळ असं तीन ठिकाणचं पाणी बघायचं. एक जण म्हणाला, रात्रभर हंड्यात राहिलेलं पण बघूया. हा खरा प्रयोग, कारण तुलना कशाची करायची हे मुलानं ठरवलं. टाकीजवळ रंग चांगला पिवळा, शाळेत फिका, शेवटच्या वस्तीवर काहीच नाही, हंड्यातल्या पाण्यातही ताज्या पाण्यापेक्षा फिका. असं का यावर वर्गात जोरात भांडण, पाइप लांब आहे म्हणून, पावडर कमी टाकली म्हणून, पावडर जुनी आहे म्हणून. काकांनी सांगितलं की टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लिचिंग पावडरची, पिशवी उघडी आणि ओलीत राहिली तर पावडरचा जोर कमी होतो, आणि हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम पावडर लागते. टाकी ५० हजार लिटरची. पोरांनी लगेच हिशोब केला, २५० ग्रॅम. गणित पण तिथेच झालं, मी काढायला सांगितलंच नव्हतं.

आता इथे थांबलं असतं तर तो विज्ञानाचा चांगला तास झाला असता. पण त्या वस्तीवर राहणारी मुलं गप्प कशी बसतील, त्यांच्या घरचं पाणी होतं ते. मग सांगायचं कुणाला, सरपंचांना की भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना? ते शोधायला म्हणून पोरांनी ग्रामपंचायतीचा धडा स्वतःहून उघडला. निवेदन त्यांनीच लिहिलं आणि ते शाळा व्यवस्थापन समितीत ठेवलं. या समितीत दोन विद्यार्थी पण असतात, त्यांना मतदानाचा हक्क नसतो पण बसायला आणि बोलायला मिळतं, आणि बऱ्याच ठिकाणी ही नावं नुसती कागदावर असतात याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथून विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गेला. ग्रामसभा मतदारांची, त्यामुळे मुलं बाजूला बसली आणि एका मुलीच्या आईनं मुलांनी केलेला नळांच्या पाण्याचा तक्ता वाचून दाखवला. पावडर त्यानंतर झाकणाच्या डब्यात ठेवायला लागले. शेवटच्या वस्तीचं पाइपचं काम अजून झालेलं नाही, निधी नाही म्हणाले. लगेच पुढचा प्रश्न, निधी कुठून येतो? मग ग्रामपंचायतीला केंद्राकडून मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशापर्यंत पोचलो, त्यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, होता इथपर्यंत. पाचवीची मुलं!

२०१५ ला राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आल्यावर सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथे काम खरंच झालं होतं. पण परत आल्यावर कितीतरी शाळांत ज्ञानरचनावाद (मुलानं अनुभवातून स्वतः शिकायचं) म्हणजे फरशी आणि भिंती रंगवणं एवढंच उरलं. शालेय मंत्रिमंडळाचंही तेच, मोबाईलवर व्होटिंग मशीन करून निवडणूक एकदम झकास होते, फोटो ग्रुपवर जातात, आणि मग निवडून आलेल्या आरोग्यमंत्र्याला वर्षभर ठरवायला काहीच नसतं. त्याला पाण्याचा तक्ता द्या ना, खेळाच्या साहित्याची यादी द्या, काहीतरी खरं द्या.

"साहित्य नाही, वेळ नाही" हे मला मान्य नाही. मध्य प्रदेशात १९७२ ला होशंगाबाद विज्ञान सुरू झालं ते १६ साध्या सरकारी शाळांत. तिथे मुलं प्रयोग करून विज्ञान शिकायची, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची, आणि सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं लिहून प्रश्न विचारायची, त्यांना उत्तरंही यायची. २००२ मध्ये सरकारनं ते बंद केलं, पण तीस वर्षं चाललं होतं.

मला विचाराल तर खरी भीती गावच्या राजकारणाची असते, बदलीची, सरपंच नाराज होण्याची, आणि ही भीती खोटी नाही. यावर माझं एकच सांगणं, मुलांनी आरोप करायचा नाही, तक्ता मांडायचा. तारीख, ठिकाण, रंग. त्यावर भाऊसाहेब पण चिडले नाहीत, उलट तक्त्याची झेरॉक्स मागून घेतली.

आणि आता पाचवीला वार्षिक परीक्षा परत आलीय, तर पेपर काढणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे की "ग्रामपंचायतीची कामे लिहा" याच्या जोडीला एक तरी प्रश्न असा टाका, की हा तीन नळांचा तक्ता बघ, तुला काय दिसतं, अजून काय तपासशील आणि हे कुणाकडे घेऊन जाशील. पेपरात असा प्रश्न यायला लागला की वर्गात पण तो शिकवला जाईल.