फोमची जुनी गादी वितळवून नवी होत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "पीयू फोम हे इतर प्लास्टिकसारखंच प्लास्टिक. जुनी गादी भंगारात द्या, ती वितळवून नवी गादी बनते. आता तर फोम सोयाबीनच्या तेलापासून करतात, म्हणजे मातीतही कुजतो. काहीच जमलं नाही तर जाळून टाका." लोक हे चांगल्या हेतूने पुढे पाठवतायत, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

"इतर प्लास्टिकसारखंच, वितळतं." सगळा घोळ इथूनच सुरू होतो. बादलीचं प्लास्टिक म्हणजे लांबलचक सुट्या दोऱ्यांसारख्या रेणूंचा गुंता. तापवलं की दोरे एकमेकांवरून सरकतात, माल पातळ होतो, पुन्हा साच्यात घालता येतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन; त्याचं रसायन 1937 साली जर्मनीत ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी शोधलं. गादीच्या फोमसाठी पॉलिऑल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव थोड्या पाण्यासोबत मिसळतात. आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण काही मिनिटांत फुगून वर येतं. त्याच वेळी रेणू जागोजागी एकमेकांना बांधले जाऊन अखंड जाळं तयार होतं. हे जाळं तापवलं तर सरकत नाही, तुटतं.

"पण फोम जळताना थेंब गळतात, आम्ही पाहिलंय!" गळतात, खरं आहे. पण ते वितळलेल्या फोमचे नसतात, जाळं तुटून सुटलेल्या द्रवाचे असतात. ते गार केले तरी पुन्हा फोम होत नाही. मोबाइलच्या लवचीक कव्हरचं टीपीयू मात्र खरंच वितळतं. तेही पॉलियुरेथेनच, पण त्यात असं जाळं नसतं.

"जुन्या गादीची नवी गादी." फोमचे बारीक तुकडे करतात, त्यावर बाइंडर, म्हणजे चिकटवणारं द्रव्य, फवारतात आणि दाबून ठोकळा बनवतात. हा रिबॉन्डेड फोम. त्याची कापलेली कड जवळून पाहा: गुलाबी, पिवळे, करडे तुकडे चिकटून बसलेले दिसतात. माल जड आणि टणक होतो, गालिच्याखाली किंवा गादीच्या आतल्या थरात जातो. त्यात कारखान्यातलं स्वच्छ कतरणही भरपूर असतं.

दुसरी वाट रासायनिक. फोम ग्लायकॉल नावाच्या द्रवात 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की जाळ्यातले बंध सुटतात आणि पॉलिऑल परत मिळवता येतं. मला यातून खरी आशा वाटते. पण वापरलेल्या गादीला कापड, गोंद, डाग, दोन-तीन जातींचे फोम असं सगळं चिकटलेलं असतं, ते आधी वेगळं करावं लागतं. शिवाय घनमीटरला जेमतेम 30 किलो भरणारा माल न दाबता ट्रकमध्ये भरला, तर ट्रक मुख्यतः हवाच वाहतो.

"सोयाबीनचा, म्हणून कुजतो." तेलापासून फार तर पॉलिऑलचा काही भाग येतो, आयसोसायनेट सहसा खनिज तेलातूनच येतं. आणि कुजणं कच्च्या मालावर नाही, रेणूंमधल्या बंधांवर ठरतं.

"जाळून टाका." हे सगळ्यात घातक. पॉलियुरेथेनमध्ये नायट्रोजन असतो, त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइडही येतं. बंद खोलीत हा धूर काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. मेसेज आधीच पुढे पाठवला असेल, तर निदान ही शेवटची ओळ चुकीची आहे एवढं तरी त्या ग्रुपवर आजच कळवा.