तीन तासांना दहा मिनिटं कमी

बेळगावला भाचीच्या साखरपुड्याला मी पोचले तेव्हा भाची अंगठी घालून झोपायलासुद्धा गेली होती.

गाडीचं नाव घेत नाही. एकदा नाव घेतलं की पुढच्या वेळी तिच्यातूनच जावं लागतं, असा माझा अनुभव आहे. बेत साधा होता. साताऱ्याहून दुपारी बाराची गाडी, तीनला मिरज, साडेचारची दुसरी गाडी आणि रात्री आठच्या मुहूर्ताला हजर. मध्ये चांगला दीड तास होता. "दीड तासात मिरजेत तंबोरा लावून घेशील," असं नवरा म्हणाला होता. या माणसाचे विनोद मला नेहमी महागात पडतात.

बाराची गाडी साडेबाराला येईल असं सांगितलं. मग सव्वाला, मग दोनला. प्रत्येक वेळी लाउडस्पीकरवरची ती बाई असुविधेबद्दल खेद व्यक्त करत होती. शेवटी शेवटी मला तिचाच कळवळा आला. इतका खेद मी लग्नानंतर एकूण बावीस वर्षांत व्यक्त केलेला नाही. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला. त्यामुळे घरी जाऊन जरा पडून येऊ, ही सोय नाही. जवळच संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं वाघापासून महाराजांना वाचवलं असं सांगतात. कुत्र्याची तीनशे वर्षं आठवण ठेवणारा आमचा मुलूख. आणि मी बाकावर अडीच तास बसले होते, तर माझी चौकशी फक्त एका माणसानं केली. तीही माझी नव्हे, मांडीवरच्या खोक्याची.

"कंदी हाय का साधा?"

शेजारी पासष्टीचे एक आबा. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. पलीकडे त्यांचा जावई मोबाइलमध्ये मान घालून बसलेला.

"कंदी," मी म्हटलं. "बहिणीकडं चाललेय. एक किलो आहे."

वजन सांगायची काही गरज नव्हती. पण साताऱ्याच्या बाईला पेढ्याचं वजन लपवता येत नाही.

"त्येच म्हनलं. वास आला भाजलेला." आबा एवढंच बोलून थांबले. ते थांबणं इतकं लांबलं की मी खोकं उघडलं. एक त्यांनी घेतला. एक जावयाला दिला. मग समोर उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या पोराला हाक मारून त्यालाही दिला. माझ्या खोक्यातून, माझ्याकडं न बघता, सत्यनारायणाच्या प्रसादासारखा.

"ताई, तुमचं एक बरं हाय. तुमाला हक्क हाईत," आबा तोंडातला पेढा गालात सरकवत म्हणाले. "माझं काय?"

"तुमचं काय?"

त्यांनी खिशातून प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "दहा रुपये. दोन तासांचं असतंय ह्ये. साडेअकराला काढलं, दीडला मेलं. गाडी आली न्हाई ती माझ्यामुळं का? आता टीसी आला तर दंड मला. आन् जावयाला बसवल्याबिगार घरी गेलो तर म्हातारी उंबऱ्यात घेईल का? दुसरं तिकीट काढणार न्हाई. तत्त्वाचा प्रश्न हाय."

जावयानं मान वर केली, पुन्हा खाली घातली. हा प्रश्न त्यानं आधीही ऐकलेला असावा.

मग आबांनी दुसऱ्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. घडीच्या जागी ते फाटायला आलं होतं. "सुप्रीम कोर्ट. ६ सप्टेंबर २०२१. वाचा." मी वाचायला लागले, तर त्यांनीच सांगायला सुरुवात केली. २०१६ साली एक कुटुंब अजमेरहून जम्मूला निघालं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पोचायची गाडी बाराला पोचली. बाराचंच श्रीनगरचं विमान होतं, ते गेलं. मग टॅक्सी केली. रेल्वेनं आपल्या ११४ व्या नियमाकडं बोट दाखवलं: गाडी वेळेवर सुटेल किंवा पोचेल याची आम्ही हमी देत नाही. कोर्ट म्हणालं, असं चालणार नाही. उशीर तुमच्या हाताबाहेरचा होता हे दाखवा, नाहीतर भरपाई द्या.

"टॅक्सीचं १५ हजार, बुकिंगचं १० हजार, मनस्तापाचं ५, खटल्याचं ५," आबांनी चार बोटं मोडली. "आता माझा हिशेब धरा. तिकिटाचं १० रुपये. मनस्तापाचं ५ हजार, खटल्याचं ५ हजार. झालं धा हजार धा. ग्राहक आयोगात पाच लाखापातुर फी बी न्हाई."

"आबा, पण तुम्ही प्रवासीच नाही."

"मग मनस्ताप काय फकस्त प्रवाशालाच व्हतो?"

याला उत्तर नव्हतं. त्यांनी पेढा घेतला. कॉलेजच्या पोराचे तोवर दोन मित्र आले होते. आबांनी त्यांनाही बोलावलं.

मला खरं सांगायचं तर तोवर मजा वाटत होती. मग आबांनी माझी केस हातात घेतली.

"म्होरची गाडी चुकनार तुमची. काय हरकत न्हाई. दोनी पीएनआर जोडलेत न्हवं?"

जोडायचे असतात?

आबांनी जावयाकडं पाहिलं. जावयानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं, आजारी माणसाकडं पाहावं तसं. १ एप्रिल २०१९ पासून सोय आहे म्हणे. पहिल्या गाडीचं आणि जोडगाडीचं तिकीट आधीच एकमेकांशी जोडून ठेवायचं. पहिलीच्या उशिरानं दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचं भाडं परत मिळतं, रद्द केल्याचा आकार कापत नाहीत. गाडी पोचल्यापासून तीन तासांत मागणी करायची. मुख्य अट, दोन्ही तिकिटांवर प्रवासी तोच हवा.

तारीख ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं.

कारण माझी दोन्ही तिकिटं मी काढलेली नाहीत. सातारा ते मिरज नवऱ्यानं काढलं, आधार कार्डावरच्या नावानं. मिरज ते बेळगाव मेव्हण्यांनी काढलं, हौसेनं, "तू खर्च करू नकोस" म्हणत. त्यांच्या मोबाइलमध्ये मी अजून माहेरच्या आडनावानं आहे. रेल्वेच्या दृष्टीनं बाकावर एकाच खोक्याला धरून दोन बायका बसल्या होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळखसुद्धा नव्हती.

इथं माझं डोकं फिरलं. म्हणजे हक्क आहे, पण तो तिकिटासोबत येत नाही. तो आधी कुणीतरी सांगावा लागतो. तिकीट काढताना विमा हवा का विचारतात, जेवण काय घेणार विचारतात. "पुढं दुसरी गाडी आहे का हो बाई?" एवढं निदान मला तरी कुणी विचारलेलं नाही. आणि मागणी करायला मला तीन तास मोजून, गाडीला मात्र हमीच नाही.

"अजून एक वाट हाय," आबा कुजबुजले. "गाडी तीन तासाच्या वर लेट झाली आन् तुमी चढलाच न्हाई, तर पैसं सगळं परत. टीडीआर म्हंत्यात त्यो पैसं परत मागायचा अर्ज भरायचा, गाडी हितनं सुटायच्या आत."

टीडीआर हा मला आजवर दातांचा आजार वाटत होता.

घड्याळात पावणेतीन वाजले होते. तीनच्या पुढं एक मिनिट गेलं की पैसे परत, घरी जायचं, बहिणीला फोनवर रडून दाखवायचं. बाकावरची सगळी माणसं एकदम गप्प झाली. बाराच्या गाडीची वाट पाहणारे आम्ही, आता ती येऊ नये म्हणून बसलो होतो. कॉलेजची पोरं रुळावर वाकून बघत होती. आबांनी डोळे मिटले होते. बहुतेक त्या तिसऱ्या तासाला काही नवस बोलले असावेत.

दोन पन्नासला गाडी आली.

"घात झाला," आबा म्हणाले. "धा मिंटं! आयुष्यात कधी लवकर न्हाई आली, आन् आज बघा." जावई डब्यात चढून दिसेनासा झाला तरी ते माझ्याच खिडकीशी उभे. गाडी हलली तेव्हा मेलेलं तिकीट मुठीत धरून टीसीसाठी दोन्हीकडं बघत होते. मी हात केला. त्यांनी केला नाही. कुठल्याही बाजूनं लक्ष वेधून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं.

मिरजेच्या अलीकडं आउटरला आणखी वीस मिनिटं. दुसरी गाडी अगदी वेळेवर गेलेली. जी जायला नको तीच वेळेवर जाते. फलाटावर उभी राहिले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण झाली. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. १९३७ साली ते पाँडिचेरीला निघाले होते, छातीत दुखायला लागलं म्हणून वाटेत सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहान स्टेशनावर उतरले आणि फलाटावरच गात गात गेले. मला गाता येत नाही. मी नवऱ्याला फोन लावला.

"लिंक केलं नव्हतंस का?" तो म्हणाला.

फोन ठेवला आणि एस.टी. पकडली. चार तास खोकं मांडीवर.

बेळगावात पंगत उठली होती. बहिणीनं दार उघडलं, मिठी मारली, खोकं हातात घेतलं आणि वजनावरूनच तिचा चेहरा बदलला.

"अर्धाच किलो आणलास?"

मी सगळं सांगितलं. बाराची गाडी, आबा, जम्मू, सुप्रीम कोर्ट, एक एप्रिल, दोन बायका. मेव्हणे पेढा खात शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी बोटं पुसली.

"अगं पण," ते म्हणाले, "तू आडनाव बदललंस कधी?"