खुलासा : ‘रोग दोनच प्रकारचे’ हा संदेश चुकीचा आहे

‘जंतूंमुळे होणारे रोग संसर्गजन्य, बाकीचे सगळे आनुवंशिक, म्हणून घराण्यात कोणाला नसेल तर कर्करोगाची भीती नाही,’ असा संदेश फिरतो आहे. त्यातलं शेवटचं वाक्य घातक आहे. ते वाचून माणसं तपासणी टाळतात.

वारशाने मिळालेल्या जनुकीय दोषामुळे होणारे कर्करोग साधारण ५ ते १० टक्केच असतात. बहुतेकांत जनुकांतले बदल जन्मानंतर पेशींमध्ये साठत जातात : तंबाखू, किरणोत्सर्ग, वाढतं वय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे तर जवळजवळ नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो आणि त्यावर लस उपलब्ध आहे.

‘जनुकीय’ म्हणजे ‘आनुवंशिक’ नव्हे. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असते, पण बहुधा ती वारशाने आलेली नसते. धनुर्वात जंतूंमुळेच होतो, तरी एकाचा दुसऱ्याला लागत नाही. स्कर्व्ही ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग सिलिकाच्या धुळीने. हे दोन्ही त्या संदेशातल्या कुठल्याच खान्यात बसत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे रोगांचं वर्गीकरण १ जानेवारी २०२२पासून लागू आहे. त्यातही दोनच खाने नाहीत : काही प्रकरणं कारणानुसार, काही अवयवसंस्थेनुसार आहेत. पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक) आधीच्या आवृत्तीत रक्ताभिसरणाच्या रोगांत होता, आता मज्जासंस्थेच्या रोगांत आहे.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.