‘पाचिंको हा जुगार नव्हे’ म्हणणाऱ्यांना

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्याकडे 2025 मध्ये बंदी आली, तेव्हापासून एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जपानमध्ये जुगाराला बंदी आहे, पण पाचिंको, म्हणजे यंत्रात पोलादी गोळ्या उडवायचा खेळ, कौशल्याचा म्हणून चालतो; जुगार जपानी माणसाच्या रक्तातच आहे; पाचिंकोची उलाढाल लास वेगासच्या 30 पट आहे; सरकारला त्यातून बक्कळ कर मिळतो; आणि लोक शिस्तीचे असल्यामुळे कुणी देशोधडीला लागत नाही. तेव्हा आपणही तसंच करावं.

पाचिंको ज्या शहरात वाढला त्या नागोयात मी काही वर्षं राहिलो आहे. हे वाचून मला गप्प बसवत नाही.

आधी ‘जुगार नाही’ हे घेऊ. 11 मिलिमीटरच्या पोलादी गोळ्या, एक गोळी 4 येन, कमी दराच्या यंत्रावर 1 येन. काचेमागच्या उभ्या फळीवर शेकडो खिळे ठोकलेले असतात, त्यांना आपटत गोळ्या खाली येतात. नेमक्या भोकात गेल्या तर आणखी गोळ्या मिळतात. दुकानाने रोख बक्षीस देणं कायद्याने मना आहे. म्हणून जिंकलेल्या गोळ्या मोजून घेतात आणि काउंटरवर प्लास्टिकच्या चपट्या डबीत बसवलेला सोन्याचा बारीकसा तुकडा हातात ठेवतात. तो घेऊन माणूस बाहेर पडतो आणि शेजारच्या बोळात वळतो. तिथे एक खिडकी असते, इतकी अरुंद की आतल्या बाईचा चेहरा दिसत नाही, नुसते हात दिसतात. डब्या आत सरकवल्या की नोटा बाहेर येतात. पुढे तीच डबी घाऊक व्यापाऱ्यामार्फत पुन्हा दुकानात पोचते. कागदोपत्री तिघेही वेगळे, म्हणून कायदा मोडत नाही. ही ‘तीन दुकानांची पद्धत’ 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ओसाकात बसवली गेली. बक्षिसांच्या खरेदीत शिरलेल्या याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांना हुसकावणं हा त्यामागचा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. पण पैसे द्यायचे, नशिबावर सोडायचे आणि पैसेच परत घ्यायचे, याला मराठीत एकच शब्द आहे.

कौशल्य एकेकाळी होतं. तेव्हा अंगठ्याने खटका दाबून एकेक गोळी उडवावी लागायची. 1970 च्या दशकात विजेवर चालणारी मूठ आली. ती धरून ठेवली की गोळ्या आपोआप उडत राहतात. आता गोळी मधल्या भोकात गेली की आतली चिप सोडत काढते, आणि मोठं बक्षीस लागण्याची शक्यता काही यंत्रांवर सुमारे 320 त 1 असते. खिळ्यांचा कल बघून बरं यंत्र निवडणारे जुने खेळाडू आहेत, हे मान्य. पण सोडत त्यांच्याही हातात नसते.

रक्ताची गोष्ट तर आकड्यांपुढे टिकतच नाही. 1990 च्या दशकाच्या मध्याला जवळपास 3 कोटी लोक पाचिंको खेळत होते आणि 18 हजारांहून जास्त दुकानं होती. 2022 मध्ये खेळणारे 80 लाखांच्याही खाली आले. दुकानं आता 7 हजारांच्या आसपास उरली आहेत. तरुण मुलं तिकडे फिरकत नाहीत, त्यांच्या हातात मोबाइल आहे. रक्तातली गोष्ट तीस वर्षांत अशी उतरते का?

लास वेगासच्या 30 पट ही तुलनाच चुकीची आहे. पाचिंकोच्या उलाढालीत गोळ्यांसाठी दिलेली सगळी रक्कम धरतात. कसिनोच्या आकड्यात लोक हरले तेवढेच पैसे असतात. समजा कुणी 10,000 येनच्या गोळ्या घेतल्या आणि 8,500 परत मिळवले. पाचिंकोच्या हिशेबात 10,000 येतील, कसिनोच्या हिशेबात 1,500.

कराचंही तसंच. पाचिंकोवर जुगाराचा असा वेगळा कर नाहीच; इतर धंद्यांसारखे नेहमीचे कर आहेत. सरकारी तिजोरीत थेट पैसा येतो तो घोड्यांच्या, सायकलींच्या, बोटींच्या शर्यतींतून, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत.

राहिली शिस्त. मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा येतो, कारण इथे माणसं पुसून टाकली जातात. 2017 च्या राष्ट्रीय पाहणीत 3.6 टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी जुगाराचं व्यसन असल्याची शंका निघाली. म्हणजे सुमारे 32 लाख माणसं, आणि त्यांच्यात सर्वाधिक पैसा पाचिंको आणि त्याच दुकानांतल्या स्लॉट यंत्रांवर गेलेला. पुढच्याच वर्षी जपानने जुगाराच्या व्यसनाविरुद्ध कायदा केला. त्याच्या कितीतरी आधी, 2006 मध्ये, या धंद्याच्या पाठबळावरच व्यसनात अडकलेल्यांसाठी फोनवरची मदतसेवा सुरू झाली होती. कुणी देशोधडीला लागत नसतं तर हे कशाला करावं लागलं असतं?

नागोयात सकाळी कामाला जाताना दुकान उघडायच्या आधीची रांग मी रोज पाहायचो. शिस्त वाखाणण्यासारखी: कुणी पुढे घुसत नाही, कुणी मोठ्याने बोलत नाही. दहा वाजता दार उघडलं की रांग त्याच शिस्तीत आत जाई आणि थोड्याच वेळात हजारो गोळ्यांचा खणखणाट रस्त्यावर येई. उन्हाळ्यात याच दुकानांचे कर्मचारी पार्किंगमध्ये फिरून प्रत्येक गाडीच्या काचेतून आत वाकून बघतात. आईबाप आत खेळत बसले आणि बंद गाडीत ठेवलेलं मूल उकाड्याने गेलं, असं तिथे एकदा नाही, अनेकदा घडलेलं आहे.