कारकुनीच करायची होती तर वकील काहून केलं?

आज दुपारी कोर्टाबाहेरच्या टपरीवर हे वाक्य ऐकलं, तेव्हापासून डोकं सणकलंय.

माझ्याकडं ज्युनिअर म्हणून येणारी एक पोरगी आहे. नुकतीच एलएलबी झाली, सनद हातात पडून दोन महिने झालेत. दिल्लीत एका खासदाराच्या हाताखाली वर्षभर काम करायच्या फेलोशिपचा फॉर्म तिनं भरायला घेतला. घरी सांगितलं, तर वडील गावाहून थेट माझ्याकडं. "वकीलसाहेब, लेकरू पाच वर्षं शिकलं. कारकुनीच करायची होती तर वकील काहून केलं? त्यापेक्षा तलाठ्याची परीक्षा काय वाईट होती?" टपरीवरचे चार वकील खो-खो हसले. मीपण हसलो. राग त्याचाच जास्त येतोय.

कारण ही कारकुनी मी केलीय.

१९९९ साल. माझा निकाल लागला आणि त्याच वर्षी तेरावी लोकसभा निवडून आली. आपल्याकडच्या एका खासदारांना (नाव विचारू नका, पक्ष तर नकोच) "इंग्रजी येणारं एखादं पोरगं" हवं होतं. मला इंग्रजी कामापुरतंच येत होतं, तरी गेलो. दिल्लीत नॉर्थ अव्हेन्यूच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाच महिने काय केलं? पत्रं लिहिली. सचखंड एक्सप्रेसचं वेटिंग इमर्जन्सी कोट्यातून कन्फर्म करा, अमक्या पेशंटला एम्समध्ये बेड द्या, तमक्याच्या मुलाला केंद्रीय विद्यालयात घ्या. (तो खासदारांचा दहा जागांचा कोटा २०२२ मध्ये एकदाचा बंद झाला. बरं झालं.) लेटरहेडचा गठ्ठा, शिक्का आणि मी.

वकिलीचं म्हणावं असं काम एकदाच झालं. डिसेंबरात पिकांच्या वाणांचं आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचं विधेयक लोकसभेत आलं. त्याची प्रत फ्लॅटवर जेवणाच्या डब्याखाली अंथरलेली होती. बियाण्याचं काहीतरी दिसलं म्हणून उचलली. डिक्शनरी घेऊन दोन रात्री बसलो आणि मराठीत दोन पानं लिहिली. शेतकऱ्याला घरचं बियाणं ठेवता, देता, विकता येईल का? आणि विकतचं बियाणं दगा देऊन गेलं तर भरपाई कुणी द्यायची? साहेबांनी घडी घालून जाकिटाच्या खिशात टाकली. आठ दिवसांनी धोब्यानं इस्त्रीच्या कपड्यांसोबत ती परत आणून दिली. धुतलेली! निळी शाई सगळ्या कागदावर पसरलेली.

आता मला सांगा, सुप्रीम कोर्टात न्यायमूर्तींच्या हाताखाली लॉ क्लर्क असतात. नुकतीच पास झालेली पोरं, पगारही चांगला. तिथं "क्लर्क" म्हटलं की घरचे पेढे वाटतात. मग कायद्याचा अर्थ लावणाऱ्याला मदतीला शिकलेलं पोर लागतं, आणि जो कायदा करतो त्याला काय फक्त ड्रायव्हर आणि पीए पुरतात? अमेरिकेतही हीच गत. तिथं कोर्टातल्या क्लर्कशिपला केवढा मान! पण काँग्रेससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, वकील पोरं घ्या, दोन्ही सभागृहांत किमान सहा-सहा, असं डॅनियल वेबस्टर या जुन्या वकील-सिनेटरच्या नावाचं विधेयक कितीदा आलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही. इतक्या मोठ्या देशाला बारा पोरं जड झाली.

आपल्याकडं निदान पीआरएसची (संसदेच्या कामाचा अभ्यास करणारी दिल्लीतली संस्था) लॅम्प फेलोशिप तरी आहे, २०१० पासून. एक खासदार, एक पोर, पावसाळी अधिवेशनापासून बजेट अधिवेशनापर्यंत. प्रश्न तयार करा, शून्य प्रहराचं टिपण द्या, विधेयक वाचून सांगा. पत्रं नाहीत! पण वयाची अट २५. आमच्याकडं बीए करून, दोन-तीन वर्षं स्पर्धा परीक्षेत घालवून मग एलएलबीला येणाऱ्या पोरांनी काय करायचं? आणि निबंध इंग्रजीत. माझी ही ज्युनिअर २४ ची आहे. पुढं ढकलत राहिलं की संपलंच म्हणायचं.

हो, मला माहितीय, तुम्ही म्हणाल व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, असतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर खासदाराला बटण सांगतील तेच दाबावं लागतं, मग टिपण वाचून करतो काय? खासगी सदस्याच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराच्या, एकाही विधेयकाचा १९७० नंतर कायदा झालेला नाही. मान्य. पण समितीत कुणी व्हिप लावत नाही. आणि त्या खात्यानिहाय स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या तेव्हा लोकसभा अध्यक्षांच्या खुर्चीत कोण होतं? आपले शिवराज पाटील चाकूरकर. लातूरचा माणूस! ज्या मातीतला माणूस त्या खुर्चीवर बसून विधेयकं बारकाईनं वाचायची सवय लावतो, त्याच मातीतलं पोर ते वाचायला निघालं की आम्ही टपरीवर हसतो. मराठवाड्यातून आठ खासदार जातात. आठांच्या हाताखाली आपली आठ पोरं असली तर कुणाचं काय बिघडणार आहे?

आता जरा शांत झालोय, म्हणून उरलेलंही सांगतो.

धोब्यानं कागद आणून दिला त्यानंतर काही दिवसांनी साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "ए वकिला, ते बियाण्याचं काय लिहिलं होतंस रे? चल, बस, सांग." अँबेसिडरमध्ये पुढच्या सीटवर मागं वळून बसलो आणि संसदेच्या गेटपर्यंत सांगत राहिलो. दोन प्रश्न विचारले त्यांनी, दोन्ही बरोबर जागी. तीन-चार मिनिटं असतील. विधेयक पुढं संयुक्त समितीकडं गेलं, २००१ मध्ये कायदा झाला. त्याच्या कलम ३९ मध्ये घरच्या बियाण्याचा हक्कही आहे (ब्रँडच्या नावानं विकायचं नाही, एवढंच) आणि नोंदणी झालेलं वाण सांगितल्यासारखं निघालं नाही तर भरपाई मागायची सोयही. माझ्यामुळं नाही, एवढं कळतं मला. साहेब त्या समितीत नव्हतेच. पण इथं सोयाबीन उगवलं नाही म्हणून कुणी माझ्याकडं आलं की ग्राहक आयोगाचा कागद करता करता ते कलम आधी आठवतं, आणि अँबेसिडरची ती सीट.

पोरीच्या वडिलांचा आत्ता दोनदा फोन येऊन गेला. उचलला नाही. मेसेज टाकलाय, उद्या दोघंही या, फॉर्म घेऊन. इंग्रजीचं मी बघतो. तो धुतलेला कागद अजून माझ्या कपाटात आहे. त्यावरचं एक अक्षर वाचता येत नाही, तरी दाखवणार आहे त्यांना.